चूलबंद

परवा नांदेडला शिकणाऱ्या भाचीने फोनवर विचारलं, "आत्या, समज सगळ्यांची डोकी जोडून एकच डोकं केलं. भांडणं संपली, कोणी एकटं नाही, पण स्वतःचं असं मन कोणालाच उरलं नाही. तर ते करणारा वाईट का?" त्यांच्या वर्गात यावर मोठा वाद झाला म्हणे. मी म्हटलं, "ते करायला कोणीतरी लागतं, असं कोणी सांगितलं तुला?"

आमचं गाव शिरड शहापूरकडचं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की सगळ्या गावाची एकच पंगत बसते, आणि त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटत नाही. याला चूलबंद म्हणतात. आता घरोघरी गॅस आला तरी नियम तोच, चहासुद्धा मंडपातच. आमच्यात दोन मतं नसतात, असं गाव पाहुण्यांना कौतुकाने सांगतं. खरंच नसतात. लहानपणी त्या पंगतीत मीही पोट फुटेस्तोवर बुंदी खाल्ली आहे, तेव्हा गावजेवणाला मी नावं ठेवणार नाही.

वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी त्यांना ज्वारीच्या कण्यांशिवाय काही गिळवत नव्हतं. पातळ, गरम, ताक घातलेल्या. काल्याच्या सकाळी त्यांनी आपणहून कण्या मागितल्या. किती दिवसांनी काही मागितलं म्हणून आई हरखली आणि तिने गॅसवर पातेलं चढवलं. वास गल्लीत गेला असणार. शेजारची काकू आली, मागोमाग तिची जाऊ, मग आणखी दोघी. कोणी आवाज चढवला नाही.

"काहून पेटवलं वैनी? आज न्हाई पेटवत."

"ह्यायला भूक लागली."

"परसाद येऊनच राहिला की. मऊ करून चारू. एका दिसानं काय होतंय?"

काकूने बटण फिरवलं, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला मंडपात पोळ्या लाटायला घेऊन गेली. हे सगळं आईने मला रडत सांगितलं. मी सासरहून, जवळा बाजारहून, संध्याकाळी पोचले तेव्हा कण्या पातेल्यात अर्धकच्च्या थंड पडल्या होत्या. उशाशी प्रसादाची पत्रावळ तशीच होती आणि वडिलांची शुद्ध हरपली होती. पहाटे ते गेले. भुकेने गेले असं मी म्हणत नाही. उपाशी गेले, एवढंच म्हणते.

सरपंचाला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, आजारी माणसाला कसली आली चूलबंद. पण विचारावं हे कोणाला सुचलंच नाही. पुढे तेराव्याचे दिवस होईपर्यंत त्याच बायकांनी आमचं घर सांभाळलं, डबे आणले, भांडी घासली. राग काढायला मला एक तरी दुष्ट माणूस हवा होता, तो गावभर सापडला नाही. मला अजून संताप येतो तो याचाच.

यंदा काल्याला मी माहेरी होते. आईला आता शुगर आहे, गोळी घेतल्यावर पोटात काहीतरी जावं लागतं. कीर्तन लांबलं होतं आणि तिचे हात कापायला लागले होते. मी तिच्यासाठी कण्या शिजायला टाकल्या. ती भिंत धरत आली, बटण फिरवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"एका दिसानं काय होतंय, बाई?"

तेच वाक्य, तोच मायेचा सूर. मला वाटलं, लोकांना भिऊन म्हणत असेल. "कोणी काही बोललं का तुला?" मी विचारलं. कोण काय बोलणार, हेच तिला कळेना. मग मात्र माझा आवाज चढला.

"तुला भूक लागली का न्हाई, तेवढं सांग."

आईने खिडकीतून मंडपाकडे पाहिलं.

"पंगत बसली न्हाई अजून," ती म्हणाली.