पिवळी खूण

चाचणीच्या दिवसापासून तिचं कशातच चित्त लागत नव्हतं. दूध उतू गेलं, नवऱ्याच्या सदऱ्याची बाही इस्त्रीखाली करपली. देवापुढे हात जोडले तरी डोळ्यांपुढे रडारचा काळा पडदाच यायचा. त्यावर एकमेकांच्या रोखाने सरकणारे दोन ठिपके, आणि वन्संचा शांत आवाज.

वन्सं म्हणजे तिची मोठी नणंद. विमानांना वरखाली, डावीउजवीकडे करणाऱ्या नियंत्रकांमधलं जुनं खोड. आकाशात कितीही गर्दी होवो, बाईंचा आवाज चढायचा नाही. ती स्वतःही त्याच खात्यातली, पण पलीकडच्या इमारतीतली. नियंत्रकांच्या मदतीला यंत्रणा तयार करायची आणि ती खरंच मदत करते का ते तपासायचं, हे तिचं काम. दोन विमानं पुढे जाऊन जवळ येणार असली, की कोणाला खाली घ्या, कोणाला वळवा, हे नवी यंत्रणा आधीच सुचवायची. नियंत्रकांनी तिचं नाव ठेवलं होतं जावईबापू. सल्ला न विचारता द्यायचा, आणि मान मात्र सगळ्यांनी राखायचा.

चाचणी म्हणजे खोट्या आकाशात खरं काम. विमानं संगणकातली, माणसं, खुर्च्या आणि घाम तेवढा अस्सल. त्यात एक सल्ला मुद्दाम चुकीचा पेरायचा असतो. नियंत्रक तो झिडकारतो की मुकाट मानतो, ते बघायला. वन्सं जावईबापूंची खरडपट्टी काढतील, याची तिला खात्री होती. पण सल्ला उमटताच वन्संनी एक क्षण न दवडता विमान खाली आणलं, ते थेट वर चढणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या वाटेत. धोक्याची घंटा वाजली. वन्संनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, "चूक माझी," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

यंत्रणेला मंजुरी देणाऱ्या साहेबांना तेवढंच पुरे होतं. बाकी सगळ्यांनी तो सल्ला धुडकावला, एका बाईंचं लक्ष चुकलं, त्या कबूलही करतात, मग यंत्रणेला नावं कशाला ठेवायची? उद्याच्या बैठकीत मंजुरी, आणि मग खऱ्या आकाशात.

नवऱ्याने आधीच हात झटकले होते. बहिणीची बाजू घेतली तर जेवण बंद, बायकोची घेतली तर माहेरपणाला येणारी बंद, असं म्हणून तो पेपरात तोंड घालून बसला.

तिने मात्र चाचणीचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. पडद्यावर यंत्रणेची पिवळी खूण उमटली, आणि वन्संनी उजवीकडे किंचित मान हलवली. बरं, केलं, अशी. यंत्राला कोण मान हलवून होकार देतं?

उजवीकडे बसले होते मौनीबुवा, वन्संचे कामातले वर्षानुवर्षांचे जोडीदार. येणाऱ्या विमानांचा अंदाज जोडीदाराने घ्यायचा आणि हुकूम देणाऱ्या नियंत्रकाला सांगायचं, अशी रीत. बाकीच्या जोड्या बडबड्या. शेजारी काही बोलला नाही, तर खूण त्याची नव्हे, हे त्यांना आपोआप कळायचं. बुवा मात्र बोटाने पडद्यावर पिवळी खूण करायचे आणि गप्प. ती खूण म्हणजे वन्संना काळ्या दगडावरची रेघ. आणि यंत्रणेच्या सल्ल्यालाही तिने तोच पिवळा रंग दिला होता. ओळखीचा वाटावा, म्हणून.

ती तडक वन्संच्या घरी गेली. वन्सं कपाट उपसून बसल्या होत्या. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. हुकूम माझ्या तोंडून गेला, आमच्यात सबबी सांगत नाहीत, असं त्यांनी तिला उभ्याउभ्याच सुनावलं. वर टोमणा हाणला, "भावजयीने नणंदेला पाठीशी घातलं, असं अख्खं खातं म्हणेल. तेवढी पत ठेव माझी."

"मी तुम्हाला वाचवायला आलेच नाही, वन्सं," ती म्हणाली. "रंग मी निवडला. तुम्ही चूक माझी, चूक माझी म्हणत राहिलात, तर तो तसाच खऱ्या विमानांवर जाईल. त्या वेळी तुम्ही कोणाचं ऐकलंत, तेवढं फक्त खरं सांगा."

वन्सं एक चादर उगीचच पुन्हा पुन्हा घडी घालत राहिल्या. चहाही विचारला नाही. ती तशीच परतली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. देवा, त्यांना बोलायची बुद्धी दे, याखेरीज दुसरं मागणं सुचत नव्हतं.

बैठकीत तिने रंगाचं सांगितलं. तो तुमचा तर्क झाला, म्हणत साहेबांनी पेन उघडलं. तेवढ्यात दार ढकलून वन्सं आत आल्या, मागे मौनीबुवा.

"हुकूम माझा, तो मी नाकारत नाही," वन्सं उभ्यानेच म्हणाल्या. "पण मी यंत्राचं ऐकलं नाही. मी यांचं ऐकलं."

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी घसा साफ केला. "त्या वेळी मी पडद्याला हात लावला नव्हता," ते म्हणाले.

बुवांचा आवाज साहेबांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी पेन बंद केलं. मंजुरी पुढे ढकलली. खूण बदलायची आणि चाचणी मुळापासून पुन्हा घ्यायची, असं ठरलं.

बाहेर आल्यावर वन्संनी तिला अडवलं. "पुन्हा त्या खुर्चीत मीच बसणार. बाकी कोणाला बसवलंस तर बघ."

ती हो म्हणाली. जिने उतरतानाच तिचं डोकं पुन्हा चालू लागलं होतं. नवी चाचणी म्हणजे नवा खोटा सल्ला, आणि तो तिनेच रचून वन्संच्याच पुढ्यात ठेवायचा होता. तोवर त्यांच्या घरी जाणंही बरं दिसणार नव्हतं, सल्ला आधीच फोडला असं खातं म्हणालं असतं.