विहारामागची खोली

आमच्या विहारात महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळची वंदना आटोपली की चर्चा होते. सगळ्यांसाठी खुली. बाहेरच्या फळ्यावर तसं लिहितोच आम्ही, 'सर्व समाजबांधवांचे स्वागत'. आपल्या माणसांनी सतरंजीवर बसायचं आणि बाहेरून येणाऱ्यांना खुर्च्या द्यायच्या, ही रीत कुणी घातली माहीत नाही, पण ती पक्की आहे. कंधारच्या शाळेतून निवृत्त होऊन मी मुलाकडे लातूरला आले, तेव्हापासून माईक फिरवायचं काम माझ्याकडे आहे. कुणालाही 'बसा खाली' म्हणायची मास्तरणीची सवय पाहूनच ते मला दिलं असणार.

विषय चांगले असतात. स्मशानभूमीचा रस्ता, अडकलेल्या शिष्यवृत्त्या, गटारात उतरणारी माणसं. शेवटी एक ठराव मांडायचा आणि तो मान्य असला की सगळ्यांनी तीनदा 'साधू' म्हणायचं. वंदनेतला तो शब्द आम्ही चर्चेतही आणला. सगळा विहार एका आवाजात 'साधू, साधू, साधू' म्हणतो तेव्हा ऊर भरून येतो. माझा यायचा, असं आता म्हणायला हवं.

माझा पाय मोडला तेव्हा ज्या खाजगी दवाखान्यात मी पडून होते, तिथे एक तरुण नर्स होती. किनवटकडच्या जंगलातल्या वाडीवरची आदिवासी मुलगी, आश्रमशाळेत राहून शिकलेली. मला उठवताना म्हणायची, "मावशी, गळ्यात हात टाका माझ्या, लाजू नका." शहरात तिचं कुणी नव्हतं, म्हणून बरी झाल्यावर मी तिला रविवारी विहारात आणायला लागले. ती मागे चपलांजवळ बसायची. हळूहळू सगळे तिला सिस्टर म्हणायला लागले आणि वंदना झाली की बाह्या वर करून ब्लडप्रेशर मोजून घ्यायला लागले. विहार कमिटीच्या अध्यक्षांची आई आजारी पडली तेव्हा सलाईन लावायला हीच त्यांच्या घरी जायची, ड्युटीवरून परस्पर.

मग दवाखान्याने मागची नर्सेसची चाळ पाडायला काढली, तिथे पार्किंग होणार होतं. पुढच्या महिनाअखेरपर्यंत खोली बघा, असं सगळ्यांना सांगितलं. लातुरात भाड्याच्या खोल्यांना काही तोटा नाही. ट्यूशनच्या भागात तर दर दुसऱ्या घरावर मुलींच्या हॉस्टेलची पाटी. पण तिथे विद्यार्थिनीच घेतात, आणि संध्याकाळी गेट लावलं की लावलं. हिची रात्रपाळी. उरल्या घरगुती खोल्या, आणि तिथे तिचं आडनाव आड यायचं. खोली मिळाली नाही तर नोकरी सोडून किनवटला परत जायचं, आणि परत गेलं की वडिलांनी पाहून ठेवलेल्या मुलाशी लग्न, इतकं ते सरळ होतं. "मला आयसीयूचं काम शिकायचंय मावशी," ती म्हणायची. "आत्ता कुठं हात बसायला लागलाय."

मीच कमिटीच्या मागे लागून त्या महिन्याचा विषय ठेवायला लावला, 'भाड्याचे घर आणि जात'. माईक तिच्या हातात दिला. ती उभी राहिली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली. "खोली आवडली का, असं मला कुणी इचारत न्हाई. आधी गाव इचारतात, मग आडनाव. आडनाव सांगितलं की ती खोली कालच गेलेली असती. कालच कशी जाती, ते कळंना मला." हसले काही जण. खुर्चीवर बाजारपेठेतले एक निवृत्त हेडमास्तर होते, शिवभक्त, शाकाहारी घरातले, आमच्या चर्चेला नेमाने येणारे. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आमच्या घराचा वरचा मजला रिकामाच हाय. उद्या ये बाळ." मग घर देताना कोणी जात विचारणार नाही, असा ठराव झाला. साधूचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. घरी येऊन सुनेला मी म्हटलं, बघ, चर्चेनं काही होत नाही म्हणतात लोक.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. हेडमास्तरांनी चहा पाजला, वरची खोली दाखवली. खिडकी मोठी होती, नळाला टाकीचं पाणी होतं. खाली आल्यावर ते आत जाऊन आले आणि चष्मा पुसत बसले.

"माझी काही हरकत न्हाई," ते म्हणाले. "पण आई हाय घरात. तिला वास चालत न्हाई, खाण्यापिण्याचा."

"मी खात न्हाई सर," ती म्हणाली.

"तू खात नसशील बाळ. पण आईला कसं समजवावं?"

ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. माणूस खरोखर ओशाळला होता. त्यानंतर ते चर्चेला यायचेच बंद झाले. म्हणजे खोली तर गेलीच, वर खुर्चीवरचा माणूसही गेला.

तरी मला एवढं वाईट वाटलं नाही. बाहेरचे लोक, जुनी सवय, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढली, कारण आपल्या विहाराच्या मागे एक खोली आहे हे माझ्या डोक्यात होतं. मोरी, पंखा, स्वतंत्र दार. बाहेरगावच्या भंतेजींसाठी बांधलेली. भंतेजी मागच्या पावसाळ्यात वर्षावासाला एकदा आले, तेही कमिटीतल्या एका इंजिनिअरकडे राहिले, कारण त्याच्याकडे कूलर होता. खोलीत सध्या मंडपाचे बांबू आणि साउंडचे बॉक्स राहतात.

पुढच्या चर्चेनंतर कमिटी बसली तेव्हा मी विषय काढला. भाडं घ्या, वाटलं तर चार महिन्यांपुरतीच द्या, म्हटलं. सगळे सतरंजीकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, भंतेजींच्या जागेत बाईमाणूस कसं ठेवायचं, नियमात बसत नाही. दुसरा म्हणाला, रात्री-अपरात्री पोरगी ये-जा करणार, उद्या काही झालं तर विहाराचं नाव खराब. अध्यक्ष समजूतदार माणूस, सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ते सगळ्यात शेवटी बोलले, आणि अगदी मायेनं बोलले.

"बाई, पोरगी लाखात एक हाय, आम्हाला काय माहीत न्हाई का? पण आपल्या पोरींना सोडून तिला द्यायची म्हणल्यावर लोक इचारतील. ती कुठं आपल्यातली हाय?"

मी म्हटलं, "साहेब, आपल्यातल्या कुणी मागितलीय का खोली?"

"मागितली न्हाई. पण मागितली तर?"

मग मी ठराव मांडला. चर्चेत मांडतात तसा, उभं राहून, नीट शब्दांत. विहारामागची खोली सिस्टरला राहायला द्यावी. आणि थांबले. कुणी साधू म्हटलं नाही. बाहेर मुलं खुर्च्या एकात एक घालून ठेवत होती, तेवढा आवाज येत राहिला. आयुष्यभर आम्ही ज्यांच्या दाराशी उभे राहिलो, त्यांचं तोंड कसं दिसतं ते मला पाठ आहे. तेच तोंड मी माझ्या माणसांवर पाहिलं. मला रडू आलं नाही, राग आला, आणि रागानंतर जे आलं ते अजून गेलेलं नाही.

तिला मी माझ्याकडे आणलं. मुलाचं क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यात आम्ही सहा जण. ती स्वयंपाकघरात झोपायची. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोपायचं दिवसा, आणि दिवसा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, भांडी, नातवंडांचे डबे. सून कधी वाकडं बोलली नाही, उलट शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायची. पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलं. एकदा ड्युटीवर औषध देताना तिच्या हातून चूक होता होता राहिली. ते तिने मला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. "पेशंटला काही झालं असतं मावशी," म्हणाली. अहमदपूर-नांदेड करत जाणाऱ्या एसटीत मी तिला बसवून दिलं. खिडकीतून तिने नुसते हात जोडले, विहारात जोडतात तसे.

मी आता विहारात जाते, वंदना म्हणते आणि माईक दुसऱ्याच्या हातात देते. चर्चा चालूच आहेत. गर्दी वाढली आहे, उलट.

परवा अध्यक्षांचा फोन आला. येत्या महिन्याचा विषय 'नोकरी करणाऱ्या महिलांची सुरक्षितता'. म्हणाले, "बाई, ती सिस्टर लई चांगली बोलली होती तेव्हा. तिला बोलवा की. येण्या-जाण्याचं भाडं आपण देऊ, शाल-बिल देऊ." मी फोन ठेवला. मग तिला फोन लावला. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती, मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"येते की मावशी," ती म्हणाली. "पण सकाळची चर्चा म्हणल्यावर आदल्या दिवशीच निघावं लागंल. रात्री राहायचं कुठं?"

"माझ्याकडे, अजून कुठं?"

"तुमच्याकडं लई राहिले. विहारात झोपू देतील का, तेवढं इचारा. एकच रात्र."

मी अध्यक्षांना फोन करून तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"एकच रात्र हाय, हे खरं," ते म्हणाले. "पण बाई, कमिटीपुढं ठेवावं लागंल."

आणि कमिटी बसते चर्चा झाल्यावर.