महिपतीमामाचा रुसवा

कन्हेरीच्या महिपतीला राग आला की आधी पाय उठायचे, डोकं मागून यायचं. एकदा बारामतीच्या बाजारात व्यापाऱ्यानं त्याच्या वांग्याला नख लावून बघितलं, तर भरल्या पाट्या त्यानं परत घरी आणल्या आणि चार दिवस बैलांना वांगी घातली. रुसून उठलं की कुणीतरी समजूत काढायला मागं येतंच, अशी त्याची खात्री होती. बायको सारजा तेवढी केव्हाच येईनाशी झाली होती.

छप्पन सालच्या वैशाखात त्याच्या भाचीचं, रतनचं, लग्न निघालं. बहीण प्रयागबाई बावड्यात दिलेली. मेव्हणा वारल्यापासून पोरीवर महिपतीचा फार जीव. बुंदीचे लाडू मामाकडून, असं त्यानं आपणहून सांगून टाकलं. चार हारे भरून लाडू गाडीत घालून, दोन दिवस बैल हाकून नवराबायको बावड्याला पोचली.

मांडवात फेटे वाटणं चाललं होतं. महिपतीच्या हातात गुलाबी, साधा फेटा पडला. तसलाच गाडीवानांना. समोर नवऱ्याचा मामा मात्र जरीच्या फेट्याचा तुरा मिरवत बसलेला. महिपतीनं कुणाला काही विचारलं नाही. फेटा मांडवाच्या मेढीला अडकवला आणि बैल जुंपले.

सारजा म्हणाली, "जरा दम धरा. प्रयागबाईला इचारा तरी."

"इचारायचं काय? दिसतंय की."

"मग जावा तुमी. मी पोरीचं लगीन बघून येते."

आता माघार कशी घ्यायची? गाडी हलली. गावाबाहेर आल्यावर त्याला आठवलं, लाडू गाडीतच राहिलेत. परत फिरावं तर रुसवा मोडतो. मग वाटलं, झालं ते बरंच झालं. आता लाडवांसाठी तरी येतील. लिंबाखाली गाडी सोडून तो वाटेकडं डोळे लावून बसला. लांब धुरळा उठला. तो अंग चोरून, तोंड फिरवून बसला. धुरळा जवळ आला, तर शेरडांचा कळप. धनगरानं तंबाखू मागितली आणि पुढं गेला.

थोड्या वेळानं गावातनं वाजंत्री एकदम जोरात वाजली. अक्षता पडल्या होत्या. मामावाचून लग्न अडत नाही, हे त्याला तिथं कळलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यानं हाऱ्यावरचं फडकं सारलं. तोंडात लाडू आणि डोळ्यांत पाणी, असा तो बैल जुंपून कन्हेरीच्या वाटेला लागला.

तिसऱ्या दिवशी सारजा यष्टीनं कन्हेरीला आली. तिच्याकडून कळलं, साधे फेटे सकाळी नवरीकडच्या सगळ्यांनाच दिले होते; नवऱ्याच्या मामानं जरीचा घरूनच बांधून आणला होता. भरजरी फेटा प्रयागबाईनं पेटीत जपून ठेवला होता, नवरीला बाहेर आणायच्या वेळी मामाच्या डोक्याला बांधायला. तो शेजारच्या दत्तोबाला बांधला. लाडवांच्या जागी घाईघाईनं लापशी शिजवली. "दत्तोबाला फेटा मोठा झाला," सारजा म्हणाली, "सारखा डोळ्यांवर येत व्हता. पर पोरीला नीट आणलं त्यानं."

लाडू मग कन्हेरीत घरोघर वाटावे लागले. घेणारा प्रत्येकजण विचारायचा, लग्न कुणाचं? आणि प्रत्येक दारात महिपतीला पहिल्यापासून सांगावं लागायचं.

दिवाळीला रतन आली. रागावली नाही, पाया पडली, पोटभर जेवली. निघताना एवढंच म्हणाली, "मामा, मी आत हळदीच्या अंगानं बसून व्हते. कुणी आलं की वाटायचं, तुमीच."

 वांग्याला पाणी धरायचं राहिलंय, असं काहीतरी पुटपुटून महिपती मळ्याकडं चालू लागला. रतन पदर खोचून त्याच्या मागं निघाली.