वॉल्टरची न धुतलेली गाडी

लॉर्ना वास्किवला काम देणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तिनं स्वतःच सिनेमे काढायला घेतले. टोरंटोत अठरा वर्षं मालिकांमध्ये नर्स होऊन ट्रे उचलले, मग कॅनडाच्याच सास्काचवान प्रांतातल्या आपल्या गावी, पोल्यानला परतली. लेखिका तीच, निर्माती तीच. "स्वतःला नकार देता येत नाही, म्हणून नायिकाही मीच," असं ती सांगे. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, भरायच्या, दुसऱ्या टोकाला पटकथा लिहायची. असे दोन सिनेमे झाले.

तिसऱ्याचा शेवट तिनं टोरंटोतच लिहून ठेवला होता. बर्फात अडकलेली बाई गाड्यांना हात करते आणि एकही गाडी थांबत नाही. मागे गावाचं उंच लाकडी धान्यकोठार. ते कोठार उद्या सकाळी पाडणार होते. म्हणजे उजेड फक्त आजचा.

दोनदा घोळ झाला. लॉर्नानं हात हलवला की येईल ती गाडी थांबायची आणि माणूस फावडं घेऊन उतरायचा. हिवाळ्यात हात करणाऱ्याला सोडून पुढं जाणं पोल्यानमध्ये कुणाच्या बापजन्मात झालं नव्हतं. शेवटी ती कॉफीच्या दुकानात जाऊन ओरडली, "मी मेले तरी थांबू नका!"

"तुझी गोष्टच खोटी आहे," कोपऱ्यातून म्हातारा वॉल्टर प्रोकोप म्हणाला. "असं इथं होत नाही."

"वॉल्टरकाका, तुम्ही गहू पेरा. गोष्टीचं मी बघते."

तिसऱ्या वेळी कॅमेरा तीनशे पावलांवर होता, तिचा कॅमेरावाला डेल याच्या हाती. "मी चालत येईपर्यंत बंद करायचा नाही," हा नियम तिचाच. थंडी उणे एकतीस. रस्त्याकडेला चार पावलं टाकली आणि बर्फाचा कडक थर फुटून ती कमरेपर्यंत खाली गेली. पुरलेल्या कुंपणाची काटेरी तार बुटात रुतली. ओढावं तशी ती अधिकच घट्ट होई.

तिनं खरोखरीचे हात हलवले. ओरडली, पण वाऱ्यानं आवाज उलटा नेला. डेलला वाटलं, आज बाई रंगात आल्यात.

मार्जोरीची निळी गाडी आली. शेजारीण, लहानपणची मैत्रीण. तिनं इथल्या रीतीनं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला आणि गेली. दुसरी गाडी आली, गेली. तिसरीही. पाय आधी दुखत होता, मग दुखायचा थांबला. तेव्हा मात्र लॉर्ना भ्याली. दुखणं थांबणं म्हणजे काय, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

मग वॉल्टरची गाडी आली आणि थांबली. डेल बोंबलत धावत आला, "थांबू नका म्हणून सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतं रे," वॉल्टर फावडं टाकून खिशातली पक्कड काढत म्हणाला. "पण ती हात करतेय ना!"

त्यानं तार तोडली. हिमदंशानं लॉर्नाच्या पायाची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी कोठारही गेलं.

महिनाभरानं लॉर्नाच्या टेबलावर ते चित्रण लागलं. आयुष्यातला सर्वांत चांगला अभिनय, कारण तो अभिनय नव्हताच.

"वॉल्टरची गाडी दिसायच्या आत कापू," डेल म्हणाला. "तू लिहिलास तोच शेवट. टोरंटोवाले वेडे होतील."

मोह झाला तिला, भलताच झाला. पण मार्जोरीचं ते उचललेलं बोट ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. इथं कापलं तर जग म्हणेल, हिनं मैत्रिणीला मरायला सोडलं. बिचारीनं फक्त शब्द पाळला होता. तेव्हापासून मार्जोरी रोज सूप आणून ठेवी आणि नजरेला नजर न देता परत जाई.

"कापायचं नाही," लॉर्ना म्हणाली.

टोरंटोच्या महोत्सवानं शेवट लेचापेचा म्हणून सिनेमा परत धाडला. तो गावातच, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या हॉलमध्ये लागला. पडद्यावर निळी गाडी आली तशी मार्जोरीनं स्कार्फमध्ये तोंड लपवलं. दुसरी गाडी गेली, तिसरी गेली. लॉर्ना लंगडत तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिचा हात घट्ट धरला.

"बघ तर पुढं," ती म्हणाली.

पडद्यावर चिखलानं माखलेली गाडी थांबली, फावडं घेऊन म्हातारा उतरला, आणि मागच्या रांगेतून वॉल्टरची तक्रार आली, "आधी सांगायचं ना गं! गाडी तरी धुतली असती."