चुकलं की वाघ खातो

मंडळी, आज जिवतीजवळच्या एका शाळेत आम्ही बनवलेला कोडिंग शिकवणारा गेम मुलांना खेळायला दिला. आज्ञा लावून एका मुलीला जंगलातून घरी न्यायचं. आज्ञा चुकली की तिला वाघ खातो.

सातवीतल्या मनीषानं आज्ञा लावल्या, पण 'चालवा'चं बटण काही दाबेना.

"काऊन थांबली गं?" मी विचारलं.

"चुकलं तं वाघ खाते तिले. माह्या आत्याले नेलं तसंच, मोहफुलं वेचताना."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

मग तीच म्हणाली, "मॅडम, 'वाघ दिसला तं थांब' अशी आज्ञा काऊन नाई याच्यात?"

'जर-तर'ची ही अट आम्ही थेट दहाव्या पातळीवर शिकवणार होतो!

घरी आल्यावर ती पहिल्या पातळीवर आणली. आता मुलगी थांबते, वाघ निघून जातो.

तुमची मुलं खेळतात त्या गेममध्ये चुकल्यावर काय होतं?