मागच्या चाकाचा आउट

धुडकूभाऊंना एकच वाक्य बोलता येत नसे : ‘मला येत नाही.’ बाकी सगळं यायचं. चोपड्याकडून सुरतेला येऊन ते उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवायला लागले, आणि लूम चालवता येतो म्हणजे जगातलं सगळंच चालवता येतं अशी त्यांनी समजूत करून घेतली. त्यांच्या मशीनवर धागे सारखे तुटत. मग ते धाग्याच्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत.

त्या आठवड्यात त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक ढिले झाले. चाकात आउट येऊन ते डुलू लागलं, रिम ब्रेकला घासू लागली आणि भाऊ दोनदा पाळीला उशिरा पोचले. कारखान्याच्या मास्तरनं सुनावलं, “धुडकूभाई, हवे एक वार मोडुं थयुं, तो मशीन भिकनने.” भिकन म्हणजे बदली कारागीर, कुणाचं मशीन रिकामं होतंय याकडे डोळे लावून दाराशी बसलेला. आणखी एक उशीर आणि मशीन गेलं, या धास्तीनं भाऊंची झोपच उडाली.

सुट्टीच्या दिवशी ते भगवानच्या सायकल दुकानात स्पोकची चावी मागायला गेले. भगवान म्हणाला, “सायकल आठेच ठेवा, आउट मी काढी देस. नहीं ते ध्यानमा ठेवा, इकडली आवळी का समोरली ढिली करा.”

“अरे, हजारो तार सांभाळस मी!” भाऊ चावी घेऊन निघालेसुद्धा.

खोलीसमोर सायकल उलटी झाली. भाऊ एकेक स्पोक बोटानं छेडून बघू लागले, लूमवरच्या उभ्या धाग्यांचा ताणा बघावा तसा. ढिला लागला की आवळ. रिम डावीकडे गेली की उजवीकडून आवळ, उजवीकडे गेली की डावीकडून आवळ. शेजारी जमले तसं त्यांना व्याख्यानही सुचू लागलं. शेवटी त्यांच्या बायकोला, सरलाबाईंना, राहवलं नाही.

“तुम्ही नुसतं आवळतसच. जराखं ढिलं बी करा ना!”

“ढिलं सोडं ते माल बिघडस. माले शिकाडू नको, तू भाकरी थाप!”

संध्याकाळी चाक ठणठणीत घट्ट झालं. फक्त अजून घासत होतं. भाऊंनी त्यावरही इलाज काढला. ब्रेकच सोडवून ठेवला.

सकाळी पाळीला जाताना रेल्वे फाटकाजवळ चाकातून ठण्ण आवाज आला, मग दुसरा. आवळून आवळून आत घुसलेल्या स्पोकनी ट्यूब फाडली, आणि रिम वाळत घातलेल्या पापडासारखी वाकडी झाली. सायकल खांद्यावर घेऊन भाऊ घामाघूम कारखान्यात पोचले, तेव्हा भिकन त्यांच्या मशीनवर उभा होता.

“जरा पोरगं बाजूला घ्या, मास्तर. आलो ना मी!”

मास्तर मशीनकडेच बघत होता. मशीन एकदाही न थांबता चाललं होतं. “भिकन, तार केम नथी तूटता?”

“धाग्यासना बीम मी जराखा ढिला करेल शे, मास्तर. भलताच ताणेल व्हता.”

भाऊंनी खाली बघितलं. एकही तुटका धागा नव्हता. तरी तोंडातून निघालं ते एवढंच, “आज व्यापाऱ्यानं धागा चांगला दिलेला दिसतो.”

“धागो तो जूनो ज छे,” मास्तर म्हणाला, आणि उद्याचंही सांगून टाकलं. “धुडकूभाई, तमे आवती काले पण ना आवता.”