डावीकडचा टक्स

आमच्या दुकानात छातीचं माप मोठ्याने सांगत नाहीत. खांदा सांगतात, बाही सांगतात, उंची तर पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी सांगतात. पण टेप छातीवर आली की माप घेणारी गप्प होते, आकडा बघते आणि स्वतःच वहीत लिहून टाकते. हा नियम माझ्या वहिनीचा. सव्वीस वर्षांपूर्वी तिने घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवायचं दुकान काढलं, तेव्हापासूनचा. नियमाचा दुसरा भाग असा, की गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ड्रेस बसला नाही तर चूक कापडाची. कापड आटलं, कापड ताणलं, कापडाचा पन्हाच कमी निघाला. बाईचं कधी काही चुकत नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," वहिनी म्हणायची, "आणि आपला धंदाच झाकण्याचा."

मी तिची नणंद. सतराव्या वर्षी काज-बटणं करायला म्हणून तिच्या हाताखाली बसले ती अजून बसलेलीच आहे. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला मी दुसऱ्यांदा विचारू देत नाही. माझी जीभ तिखट, अंग काटकुळं, म्हणून वहिनीने माझं नाव टाचणी ठेवलं. तेच पुढे गल्लीभर झालं. टपाल कचेरीतून घरी येताना दादासुद्धा दारातून ओरडतो, "टाचणे, चहा टाक." दादा म्हणजे माझा भाऊ, वहिनीचा नवरा. घरोघर पत्रं पोचवतो आणि घरात मात्र एक निरोप धड पोचवत नाही.

वहिनी कशी, तर गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिला त्याचा एक खांदा उतरलेला दिसलेला असायचा. एक बँकवाली बाई आमच्याकडे पंधरा वर्षं येते. तिच्या पाठीला पोक आहे हे तिला स्वतःलाही माहीत नसावं, इतकं बेमालूम बेतायची वहिनी. बाई आरशात बघून म्हणायची, "दुसऱ्या कुणाचे कपडे मला बसतच नाहीत, कुणाला शिवताच येत नाही." वहिनी तोंडात टाचण्या धरून मान हलवायची. बाई गेली की मी म्हणायचे, "एकदा सांग तरी तिला." वहिनी टाचण्या काढून म्हणायची, "आपण शिंपी. डॉक्टर नाही."

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली ती थेट माझ्याकडे. केस ओले, गाऊनची बटणं उलटसुलट लावलेली. वहिनीची बटणं चुकली म्हणजे काहीतरी बिनसलं हे मला तिथेच कळायला हवं होतं.

"टाचणे, डावीकडे चुणी पडलीय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आण इकडे, उसवून देते."

"कपड्याला नाही. मला."

ती हसली. मीही हसले. मग तिने माझा हात धरून तिथे ठेवला आणि आम्ही दोघी हसायच्या थांबलो. आत काहीतरी घट्ट होतं आणि ते हलत नव्हतं. वरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती, टीप घट्ट बसली की कापड गोळा होतं तशी.

पुढचे पंधरा दिवस तपासण्यांत गेले. मशीनमध्ये दाबून काढलेले फोटो, मग सुई घालून काढलेला तुकडा, मग त्या तुकड्याच्या रिपोर्टची वाट. रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढे बसलो. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून दादा उभा. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. गाठ कॅन्सरची आहे, मोठी आहे, काखेतल्या गाठींतही गेली आहे. आधी तीन-तीन आठवड्यांनी सहा वेळा केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. स्तन काढावा लागेल असं दिसतंय.

पायाखालची जमीन सरकली असं आपण सहज म्हणतो. माझी सरकली नाही. ती होती तिथेच होती, आणि तेच मला भयंकर वाटलं. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं, सगळं जसंच्या तसं. वहिनीने टेबलावरून पुढे वाकून म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या कोटाची उजवी बाही लांब झालीय. अर्धा इंच आत घ्यायला हवी." बाईंनी चक्क बाही बघितली. आणि दादा, पन्नाशी उलटलेला बाप्या, विचारतो काय, तर "मग आज जेवायला घरी जाता येईल ना?"

दोघांपैकी कुणालाही वेड लागलं नव्हतं. आलेला शब्द आत घ्यायला जागाच नव्हती त्यांच्याकडे, म्हणून जे हाताला लागलं ते बोलत होते. डॉक्टरीणबाईंना त्याची सवय असावी. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"पंधरा दिवस झाले," वहिनी म्हणाली.

आणि तेव्हा मला फेब्रुवारी आठवला.

शिंप्याला स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही. हात उचलला की खांदा चढतो, मान वाकवली की पाठ बदलते. म्हणून वहिनीची मापं मी घेते, तिचे कपडे मी शिवते. फेब्रुवारीत तिचा करडा ड्रेस शिवला तेव्हा ट्रायलला तो डावीकडे किंचित ओढला. मी मधोमध खूण धरून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या. डावी पाव इंच जास्त. टेपवर माझा हात थांबला, हे मला पक्कं आठवतंय. मग मी तेच केलं, जे तिनेच मला सव्वीस वर्षं शिकवलं होतं. तोंडातून चकार शब्द न काढता बाजूची शिलाई उसवली, पाव इंच सोडलं, आणि डावीकडचा टक्स सरकवला. टक्स म्हणजे कापड छातीवर नीट बसावं म्हणून चिमटीत धरून घातलेली शिलाई. ती सरकवली आणि ड्रेस झक्क बसला. जूनमध्ये निळा शिवला. या वेळी फरक अर्धा इंच होता. तेव्हाही तेच. उलट मला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. वाटलं, बघ, बँकवालीचं पोक झाकणारीचं मी झाकलं, आणि तिला पत्ताही नाही.

म्हणजे पंधरा दिवस नाही. सात महिने. आणि ते माहीत असलेली जगात मी एकटी. त्या टेबलापुढे मी बोलायला हवं होतं. जिच्या तोंडी लागायला भाजीवाला घाबरतो, ती मी, तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. डॉक्टरीणबाईंनी "पंधरा दिवस" लिहिलं आणि पान उलटलं.

केमो सुरू झाली. ती काय असते हे ऐकून माहीत होतं, पण ऐकणं वेगळं. पहिल्या खेपेनंतर तिसऱ्या आठवड्यात केस गेले, आणि ते हळूहळू जातील अशी आमची समजूत होती. उशीवर मूठभर, मोरीत मूठभर, दोन दिवसांत संपले. दादाने मोरीची जाळी साफ केली आणि तासभर नळाचा वॉशर बदलत बसला. नळ गळत नव्हता. वहिनीने आरशासमोर स्टूल घेतलं, टेप डोक्याभोवती फिरवली आणि मला म्हणाली, "लिही, बावीस. अख्ख्या जन्मात डोक्याचं माप पहिल्यांदा घेतेय." अस्तराच्या मऊ कापडाच्या तिने चार टोप्या बेतल्या. एकीला तर पायपिंगही केलं.

माणसं भेटायला यायची. "दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं" हे मी त्या महिन्यात अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी दार मी उघडलंच नाही. बँकवाली आली, टोपीकडे बघितलं नाही, आणि म्हणाली, "वजन बरंच कमी केलंत हो, छान दिसताय." ती गेल्यावर वहिनी इतकी हसली की तिला उलटी झाली. मी पातेलं धरून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, सांग, आत्ता सांग.

नाही सांगितलं. मापांची वही मी कपाटावर, रिकाम्या खोक्यांमागे टाकली होती. चोराच्या मनात चांदणं. तिने एकदा वही मागितली तर मी म्हटलं, "तू पड ना जरा, वही कशाला आता?" तिने परत मागितली नाही.

मला भीती कशाची होती, ते सरळ लिहिते. ती गेली तर माझ्यामुळे गेली, ही एक. आणि ती वाचली, तिला कळलं, आणि तिने मला घराबाहेर काढलं, ही दुसरी. कोणती मोठी हे मी रोज ठरवायचे आणि रोज उत्तर बदलायचं. दुसरी मोठी ठरली त्या दिवशी मला स्वतःची किळस यायची.

चौथ्या खेपेपासून तिची बोटं बधिर व्हायला लागली. औषधाने होतं, डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं हळूहळू भरून येतं. एका दुपारी ती पांढऱ्या कापडाला हात-शिलाई घालत बसली होती. मी सहज बघितलं तर कापडावर लाल ठिपके, ओळीने सात-आठ. सुई बोटात जात होती आणि तिला कळत नव्हतं. ती मजेत गुणगुणत होती. मी ओरडले तेव्हा तिने बोट बघितलं, कापड बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. केस गेले तेव्हा ती रडली नव्हती. त्या कापडावर डोकं टेकून रडली. "माझ्या हातून कापडाला डाग," एवढंच म्हणत राहिली. मी ते कापड थंड पाण्यात घातलं, आणि पाण्यापाशीच उभी राहून मीही रडले.

जानेवारीअखेर ऑपरेशनची तारीख आली. आदल्या सकाळी भरती केलं. आठ खाटांचा वॉर्ड, भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा रंग. त्यांनी तिला मागून नाड्या बांधायचा गाऊन दिला. तिने तो उलटा-पालटा करून बघितला. "हा कुणी बेतला? याला बेड्या घाला," ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. मग सर्जन आले आणि पेनाने तिच्या छातीवर रेघ आखून गेले. डावीकडून काखेपर्यंत, जरा वळण घेऊन. ते गेल्यावर वहिनीने मान वाकवून रेघ नीट बघितली. "हात सरळ आहे माणसाचा," ती म्हणाली. मला तिथे उभं राहवेना.

दादा खाली औषधं आणायला गेला होता. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी फॉर्म भरायला आली. वय, वजन, औषधांची ॲलर्जी. मग तिने वर न बघता विचारलं, "गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली?"

वहिनीने तोंड उघडलं. "ॲडमिट व्हायच्या आधी... म्हणजे रिपोर्टच्या आधी पंधरा..."

"नाही," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "त्याच्या सात महिने आधी. माझ्या लक्षात आलं होतं. मी तुझं माप घेतलं तेव्हा डावीकडे पाव इंच जास्त भरलं होतं, वहिनी. मी टक्स सरकवला. जूनमध्ये परत सरकवला. बोलले नाही. तुला मी सांगितलं नाही."

मुलीचं पेन थांबलं. वहिनी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"अगं, सव्वीस वर्षं कात्री धरतेय मी. माझ्या अंगावरच्या ड्रेसचा टक्स सरकलेला मला दिसणार नाही होय? आतल्या खोलीत नेऊन उलटा करून बघितला होता. तुझी टीप, बारीक, टोकाला दोनदा मारलेली. टेप फिरवताना तुझा हात थांबला तेही कळलं होतं."

मी खाटेची कड धरली. "मग तू का नाही बोललीस?"

"मी वाट बघत होते, तू बोलशील म्हणून." तिने गाऊनची नाडी बोटाला गुंडाळली, परत सोडली. बधिर बोटांना ती नीट धरता येत नव्हती. "भीती वाटत होती गं मला. रोज वाटायचं, आज ही काहीतरी म्हणेल. तू काहीच म्हणाली नाहीस. मग मी म्हटलं, एवढी फटकळ बाई, आल्यागेल्याला सोडत नाही, ती गप्प आहे. म्हणजे काही नसणारच."

शिकाऊ डॉक्टर एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. पोर विशीतली, तिला कुणी हे शिकवलं नसणार. तिने फॉर्मवरचा कोरा चौकोन पुढे केला.

"मग कधीपासून लिहू?" तिने विचारलं.

"गेल्या फेब्रुवारीपासून," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.